इमारतींसाठी कायदा झाला, नदीसाठी का नाही?

उल्हासनगर म्हटले की लोकांना फर्निचरचा बाजार, जीन्स आणि सिंधी पापड आठवतो. हे नाव एका नदीचे आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची कोनशिला बसवली गेली. त्याआधी हा भाग 'कल्याण कॅम्प' म्हणून ओळखला जाई. दुसऱ्या महायुद्धात उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित राहत होते. सिंधू नदी कायमची मागे टाकून आलेल्या माणसांच्या वस्तीला दुसऱ्या एका नदीचे नाव मिळाले.

आज पाऊणशे वर्षांनी त्या नदीची आणि तिच्या शेजारून वाहणाऱ्या वालधुनीची अवस्था काय आहे, हे कल्याण ते बदलापूर लोकलने जाणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. नाकच सांगते. त्या दुर्गंधीचे वर्णन बाजूला ठेवून मी इथे दोन सरकारी निर्णयांबद्दल बोलणार आहे. पहिला २००६ सालचा. त्या वर्षी उल्हासनगरातील बेकायदा इमारती नियमित करण्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने खास या एका शहरापुरता कायदा केला. दुसरा २०१५ सालचा. त्या वर्षी राज्य सरकारने नद्यांच्या काठी उद्योग कुठे असावेत आणि कुठे नसावेत हे ठरवणारे नदी नियमन क्षेत्र धोरण रद्द केले. एकाच खोऱ्यातल्या लोकांवर या दोन्ही निर्णयांचा परिणाम झाला. इमारतींना कायदा मिळाला आणि नदीकडे जे होते तेही गेले. असे का झाले, याचे उत्तर मला महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या तरुणांच्या नेतृत्वाची चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी.

थोडे मागे जाऊ. अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी उभे आहे. त्यावरचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचा तो काळ. नदीकाठी मंदिर बांधणाऱ्या त्या राजवटीच्या राज्यात मुसलमानही राहत होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला होता. अरब त्या बंदराला सैमूर म्हणत. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने नोंदवले आहे. त्यांच्यात ओमान, सिराफ, बसरा, बगदाद इथून आलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. तेव्हा झंझ नावाचा शिलाहार राजा राज्य करत होता. मसूदी आणखी एक गोष्ट सांगतो. या मुसलमानांमधल्याच एका प्रतिष्ठित माणसाला राजा त्यांचा प्रमुख नेमत असे. त्या पदाला 'हुनरमन' म्हणत आणि समाजाचे तंटे-बखेडे त्याच्यापुढे येत.

ही नोंद मी अभिमान मिरवायला सांगत नाही. अकराशे वर्षांपूर्वी कोकणच्या राज्यकारभारात मुसलमानांना एक जागा होती आणि त्या जागेला नाव होते, एवढेच त्यातून घ्यायचे. आपण इथले आहोत हे सिद्ध करण्यात आपली खूप ताकद खर्च होते. इथले आहोत तर इथल्या कारभारात आपली जागा कोणती आणि तिथे बसून आपण काय मागतो, हा पुढचा प्रश्न मात्र राहून जातो.

आता आधुनिक काळाकडे येऊ. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली. १८५६ मध्ये ती बदलापूरवरून खोपोलीपर्यंत गेली. वाफेच्या इंजिनांना पाणी लागे, म्हणून अंबरनाथजवळ काकोळे इथे जीआयपी रेल्वेने तलाव बांधला. आजही लोक त्याला 'जीआयपी टँक' म्हणतात आणि रेल्वेच्या बाटलीबंद पाण्याचा प्रकल्प त्याच परिसरात आहे. वालधुनीचा उगमही याच डोंगरांतला. म्हणजे ज्या डोंगरांतून प्रवाशांसाठी बाटलीतले पाणी निघते, त्याच डोंगरांतून निघालेली नदी चार-सहा किलोमीटर खाली आल्यावर हात घालण्याच्या लायकीची राहत नाही. या थोड्याशा अंतरात सगळा औद्योगिक इतिहास घडला आहे.

पाणी आणि रेल्वे दोन्ही असल्यामुळे कारखाने आले. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी आणि विम्को हा आगपेट्यांचा कारखाना स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी अंबरनाथला आला. स्वातंत्र्यानंतर ऑर्डनन्स फॅक्टरी वाढली, शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली, नंतर एमआयडीसीच्या वसाहती अंबरनाथ आणि बदलापूरला आल्या. १९७० च्या दशकात बारवी धरणाचे पाणी मिळू लागले. धरण मुरबाड आणि अंबरनाथ तालुक्यांच्या डोंगरात, ते पाणी उल्हास नदीतून वाहत येणार, जांभूळजवळ उचलले जाणार आणि तिथून ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना आणि कारखान्यांना जाणार, अशी ही रचना. उल्हास ही लाखो लोकांची पिण्याच्या पाण्याची नदी आहे. तिला नाला म्हणणे परवडणारे नाही.

या सगळ्यात कायदे नव्हते असे मात्र नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला आणि सप्टेंबर १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. पर्यावरणावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद स्टॉकहोमला १९७२ मध्ये भरली. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ मध्ये आला. या दोन्हींच्या आधी आपल्या राज्यात कायदा होता, मंडळ होते, अधिकारी होते. उल्हास खोऱ्यातली बरीचशी घाण या कायद्यानंतरची आहे. म्हणून 'कायदाच नाही हो' ही तक्रार इथे चालत नाही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात काय झाले ते आठवा. एका टँकरमधले रासायनिक सांडपाणी रात्रीच्या अंधारात वालधुनीत ओतले गेले. त्याचा वायू आजूबाजूच्या वस्तीत पसरला आणि शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालयात न्यावे लागले. ही दुर्घटना एका रात्रीची, पण रात्री येणारे टँकर त्या वस्तीला नवे नव्हते. नदीकाठी कोण राहतो, हे पाहिले की पुढचे कळते. ज्यांना दुसरीकडे घर घेणे जमत नाही ते. कष्टकरी, भाडेकरू, परराज्यातून आलेले मजूर. त्यांत मुसलमान बरेच आहेत, दलित आहेत, गरीब सिंधीही आहेत.

तोवर 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे अर्ज केलेला होता. २०१५ मध्ये लवादाने स्थानिक स्वराज्य संस्था आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

२०१५ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. वर्षाच्या सुरुवातीला राज्य सरकारने नदी नियमन क्षेत्र धोरण रद्द केले. हे धोरण २००० सालापासून होते. नद्यांचे वर्ग पाडून प्रदूषण करणारे उद्योग पात्रापासून किती अंतरावर असावेत, हे त्यात ठरवलेले होते. उद्योगांना अडचण होते आणि इतर कायदे पुरेसे आहेत, असा रद्द करण्यामागचा सूर होता. त्याच वर्षी हरित लवादाने दंडाचा आदेश दिला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला भारतासह जगातल्या देशांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे मान्य केली. त्यांतले सहावे उद्दिष्ट स्वच्छ पाणी आणि स्वच्छतेचे, आठवे सन्मानाच्या रोजगाराचे, अकरावे राहण्याजोग्या शहरांचे. न्यूयॉर्कमध्ये सहावे उद्दिष्ट मान्य झाले तेव्हा आपल्या नदीचे संरक्षण करणारे धोरण रद्द होऊन काही महिने झाले होते. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरातून त्यावर मोर्चा निघाल्याचे मला तरी आठवत नाही.

आता इमारतींकडे पाहू. उल्हासनगरात बेकायदा बांधकामे अफाट झाली होती. निर्वासितांना मिळालेल्या बराकींच्या जागी मजल्यांवर मजले चढले. जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ इमारती पाडण्याचा आदेश दिला तेव्हा शहर हादरले. हजारो कुटुंबे बेघर होणार होती. व्यापारी, रहिवासी, सर्व पक्षांचे पुढारी एका आवाजात बोलू लागले. मंत्रालयाच्या फेऱ्या झाल्या आणि २००६ मध्ये कायदा झाला. मी या लोकांना दोष देत नाही. डोक्यावरचे छप्पर जात असेल तर माणूस दार ठोठावणारच. मला यातली शिकवण हवी आहे. या शहराला धोरण कसे बदलून घ्यायचे हे येते. कोणाकडे जायचे, कोणता कागद लागतो, कोणत्या अधिवेशनाआधी दबाव आणायचा, हे सगळे येते.

पण त्या कायद्याची मर्यादाही पाहा. मे २०२१ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि रहिवासी मेले. बांधकाम कागदावर नियमित करण्याची सोय झाली, म्हणून स्लॅबमधले गंजलेले लोखंड काही बदलले नाही. धोरण मिळवताना लोकांनी 'आमचे घर वाचवा' एवढेच मागितले. 'आमचे घर मजबूत करण्याची जबाबदारी कोणाची, पैसा कोणाचा, मुदत किती' हे तेवढ्याच जोराने मागितले गेले नाही. धोरणात काय मागितले जाते यावर पुढे माणसे जगतात किंवा मरतात.

नदीच्या बाजूने जे काही झाले ते बहुतेक न्यायालयातून झाले. त्यालाही किंमत होती आणि ती कोणी मोजली ते पाहा. उल्हासनगरचा जीन्सचा धंदा देशभर प्रसिद्ध. शिवलेल्या जीन्स धुण्याचे, रंगवण्याचे शेकडो छोटे कारखाने कॅम्प पाचच्या बाजूला होते. त्यांचे निळे पाणी थेट वालधुनीत जाई. न्यायालयाच्या आदेशांनंतर २०१८ च्या सुमारास या कारखान्यांचे वीज-पाणी तोडून ते बंद करण्यात आले. नदीसाठी हे आवश्यक होते, यात मला शंका नाही. पण धुलाईच्या हौदात रसायनात हात घालून उभा राहणारा मजूर एका आठवड्यात बेकार झाला. त्यांत उत्तर प्रदेश, बिहारहून आलेले मुस्लिम तरुण खूप होते. काही कारखाने आसपासच्या गावांकडे सरकले, म्हणजे घाणही तिकडे सरकली. सामाईक प्रक्रिया केंद्र आधी, मग परवाना, तोवर कामगारांना आधार, असा क्रम कोणी मागितला असता तर नदीही वाचली असती आणि चूलही. तो मागायला ना नदीच्या बाजूचे लोक होते, ना कामगारांच्या बाजूचे. पर्यावरणवाले एकीकडे, मजूर दुसरीकडे. शाश्वत विकास हा शब्द खरे तर या दोघांना एका बाकावर बसवण्यासाठी आहे.

इथे आपल्याच कोकणातल्या पाण्याची एक लढाई आठवते. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी पस्तीस वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. नंतर परिषदेला आलेल्यांवर हल्ला झाला, तेव्हा काहींना महाडमधल्या मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरवायची होती, पण कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. आणि न्यायालयाचा शेवटचा निकाल? तो मार्च १९३७ मध्ये आला. ठराव १९२३, पाऊल १९२७, निकाल १९३७.

या तीन तारखांमध्ये धोरणाच्या लढाईचा सगळा नकाशा आहे. विधिमंडळात बोले लागतात. नगरपालिकेत ठराव मांडणारा लागतो. तळ्यावर जाणारी माणसे लागतात. जागा देणारा फत्तेखान लागतो. आणि दहा वर्षे तारखांना हजर राहणारा वकील लागतो. आपल्याकडे नेतृत्व म्हटले की भाषण करणाराच डोळ्यांपुढे येतो. बाकीचे चार निघून गेले तर तो एकटा काहीच करू शकत नाही.

तरुण मुस्लिम नेतृत्वाचे एक उदाहरण मुंबईतच आहे. युसुफ मेहेरअली यांनी १९२८ मध्ये, वयाच्या पंचविशीत, बॉम्बे यूथ लीग उभी केली. सायमन कमिशन मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा या पोरांनी हमालांच्या वेशात जाऊन 'सायमन परत जा'च्या घोषणा दिल्या. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. याच माणसाने मुंबई महापालिकेत काम केले आणि १९४२ मध्ये तो शहराचा महापौर झाला. रस्त्यावरची घोषणा आणि सभागृहातला कागद, दोन्ही त्याला येत होते. त्याने आपल्या समाजाचेच प्रश्न मांडायचे, अशी अट कोणी त्याला घातली नाही, त्यानेही स्वतःला घातली नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की आपल्या मोहल्ल्यांत आज तरुणांची कमतरता नाही आणि त्यांच्या सेवाभावाचीही नाही. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूर, कल्याणचे सखल भाग बुडाले तेव्हा मशिदी, मदरसे, मंडळे सगळीकडून पोरे धावली. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी होते. नौदल आणि एनडीआरएफच्या बरोबरीने आसपासच्या गावांतले लोक मदतीला उतरले. रक्तदान, रेशनवाटप, मय्यतीला खांदा, आपली पोरे कशातच मागे नाहीत. पण पूर ओसरला की आपले कामही ओसरते. नदीकाठची पूररेषा कुठे आखली आहे, तिच्या आत कोणाला बांधकामाची परवानगी मिळते, हे पाहायला कोणी जात नाही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रेशनवाटप.

नदीकाठच्या स्वच्छता मोहिमांचेही तेच. कॉलेजची एनएसएसची मुले हातमोजे घालून प्लास्टिक उचलतात, फोटो निघतात. काम वाईट नाही. पण ज्या शहराचे मैलापाणी प्रक्रियेविना नदीत जाते तिथे काठावरची बाटली उचलून नदीचा आजार जात नाही. त्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकातली मलनिस्सारणाची पाने वाचावी लागतात.

मला तरुण मुले विचारतात, 'सर, आम्ही नेमके काय करायचे?' मी त्यांना मोठ्या गोष्टी सांगत नाही. राज्यातल्या प्रत्येक महापालिका आयुक्ताने दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरण स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो, अशी कायद्यातच तरतूद आहे. उल्हासनगरला ती लागू आहे. तो अहवाल मागा, मागच्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवा, आकडे तसेच उतरवले आहेत का पाहा. माहिती अधिकार कायदा २००५ पासून देशभर आहे. दहा रुपयांच्या अर्जात सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता, रोजचा प्रत्यक्ष वापर आणि मंडळाच्या नोटिसा मागता येतात. विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा हरकती-सूचनांची मुदत असते. त्या मुदतीत बिल्डर हरकती नोंदवतात, कारण त्यांनी माणूस ठेवलेला असतो. मोहल्ल्यातल्या पंधरा पोरांनी नकाशा वाचायला शिकून हरकती नोंदवल्या तर नाल्यावरचे आरक्षण कोणी हळूच उठवू शकणार नाही. नव्या प्रकल्पाच्या पर्यावरण जनसुनावणीत बोलण्याचा हक्क सामान्य माणसाला आहे. हे सगळे कंटाळवाणे काम आहे. याचा रील बनत नाही. इमारतींचा कायदा मात्र अशाच कंटाळवाण्या फेऱ्यांतून आला होता.

आणि हे काम फळते, याचा पुरावा जवळच आहे. बारवी धरणाची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातली गावे आणि पाडे पाण्याखाली जाणार होते. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे दाद मागितली, कामे अडवली, बैठका केल्या. पैशाच्या भरपाईवर ते थांबले नाहीत. ज्यांना आमचे पाणी हवे त्यांनी आमच्या घरटी एकाला नोकरी द्यावी, ही मागणी त्यांनी सोडली नाही. अखेर एमआयडीसी आणि पाणी घेणाऱ्या महापालिका-नगरपालिकांमध्ये प्रकल्पग्रस्त कुटुंबांतील मुलांना नोकऱ्या देण्याचे धोरण ठरले. त्यात उशीर झाला, सगळे सुरळीत झाले असेही नाही. पण डोंगरातल्या शेतकरी-आदिवासी माणसांनी जे मागितले ते मोघम नव्हते. कोण देणार, कोणाला देणार, काय देणार, हे त्यात होते. जीन्सच्या कामगारांसाठी अशी मागणी तयार करायला आपल्यात शिकलेली पोरे कमी होती का?

इथे कोणी म्हणेल, मुसलमानांपुढे आधीच प्रश्न कमी आहेत का, त्यात नदी कुठून आणली? माझे उत्तर सरळ आहे. वाहत्या नदीकाठी वुजू करत असलात तरी पाणी वाया घालवू नका, अशी शिकवण हदीसमध्ये आहे, आपण ती लहानपणापासून ऐकतो. ज्या नदीकाठी वुजू करायला पाणीच शिल्लक नाही तिच्याबद्दल आपली जबाबदारी काय, हा प्रश्न त्या शिकवणीतच आहे. दुसरे म्हणजे वालधुनीचा वायू घरात शिरताना नाव विचारत नाही. आणि तिसरे, मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की समाजाचा प्रतिनिधी म्हणून आपल्याला नेहमी आपल्याच प्रश्नांसाठी बोलावले जाते. कब्रस्तानाची जागा, मशिदीचा भोंगा, शिष्यवृत्ती. हे प्रश्न खरे आहेत. पण शहराच्या पाण्यावर, सांडपाण्यावर, अंदाजपत्रकावर अभ्यास करून बोलणारी एखादी मुस्लिम मुलगी महापालिकेच्या सुनावणीत उभी राहील तेव्हा तिला कोणी 'तुम्ही इथल्या का' असे विचारू शकणार नाही. शहराचा हिशेब मागणारा माणूस शहराचाच असतो.

२०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर होती, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास, बदलापूरची पावणेदोन लाख. बदलापूर तर त्याआधीच्या दहा वर्षांत पाऊणपटीने वाढले होते. तेव्हापासून टॉवर किती उभे राहिले ते आपण पाहतोच. एवढ्या माणसांना पाणी देणारी नदी एकच आहे आणि तिचे काठ वाचवण्यासाठी जे धोरण होते ते आता नाही. तसे धोरण पुन्हा यावे, त्यात छोट्या कारखान्यांतील कामगारांची सोय असावी, प्रक्रिया केंद्राची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहिलेले असावे, ही मागणी दोन पानांत मावते. तीन शहरांतल्या कोणत्याही जातिधर्माच्या पन्नास तरुणांनी बसून ती दोन पाने लिहावीत, प्रत्येक नगरसेवकाची आणि आमदाराची त्यावर लेखी भूमिका घ्यावी आणि मग दर अधिवेशनाआधी ती पाने घेऊन मंत्रालयात जावे. महाडला चौदा वर्षे लागली होती. आज विशीत असलेल्या मुलांकडे तेवढी वर्षे आहेत.